पन्नास शब्दांची परीक्षा

१८ डिसेंबर १८९६ रोजी 'कोर्लंड' आणि 'नादरी' ह्या दोन आगबोटी दरबान बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या राहिल्या. दोन्ही मुंबईहून निघालेल्या, आणि दोन्हींवर मिळून सुमारे आठशे हिंदी उतारू होते. कोणी नाताळ वसाहतीत दुकान असलेला व्यापारी, कोणी त्याचा नातेवाईक, कोणी पुढे ट्रान्सवालकडे जाणारा. 'कोर्लंड'वर सत्तावीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. सोबत कस्तुरबा, दोन मुलगे आणि बहिणीचा मुलगा. आरोग्य अधिकाऱ्याने बोट तपासायची, पिवळे निशाण खाली घ्यायचे आणि मग माणसे उतरवायची, अशी बंदरातली रीत. ह्या वेळी ते निशाण खाली येईना.

कारण दाखवले गेले मुंबईच्या प्लेगचे, आणि प्लेग खोटा नव्हता. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी तो ओळखला होता. डिसेंबरपर्यंत लोक मुंबई सोडून पळू लागले होते. पण ह्या दोन बोटींवर कोणी आजारी नव्हते. तरीही क्वारंटाइनची मुदत संपत आली की पुन्हा वाढवली जाई. किनाऱ्यावर दरबानच्या गोऱ्यांच्या सभा चालल्या होत्या. ह्या माणसांना आल्या पावली परत पाठवा, खर्च लागेल तो वसाहत सोसेल, अशी मागणी होती. बोटमालकांना धमक्याही दिल्या गेल्या आणि आमिषेही दाखवली गेली. तेवीस दिवस बोटी तशाच उभ्या होत्या.

गोऱ्यांचा राग गांधींवर होता तो त्यांच्या त्या वर्षीच्या हिंदुस्थान दौऱ्यामुळे. त्यांनी राजकोटला बसून दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांवर एक पुस्तिका लिहिली होती. तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून ती 'हिरवी पुस्तिका' म्हणून ओळखली जाते. मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा झाली. गांधींचा आवाज त्या भरल्या सभागृहात पोचेना, तेव्हा त्यांचे भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवले. नंतर ते पुण्यात गेले. टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले, आणि कोणत्याही पक्षाचा शिक्का नसलेला अध्यक्ष हवा म्हणून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेले. भांडारकरांनी होकार दिला. ह्या सगळ्याची रॉयटरने तारेने धाडलेली त्रोटक, विपर्यस्त बातमी दरबानला पोचली होती, आणि गांधी आता आपल्याबरोबर हिंदी लोकांची फौजच आणत आहेत असा समज पसरला होता.

१३ जानेवारी १८९७ला उतारूंना उतरायची परवानगी मिळाली. धक्क्यावर जमलेल्या जमावाला वसाहतीचे ॲटर्नी जनरल हॅरी एस्कंब ह्यांनी घरी जायला सांगितले. सरकार लवकरच कायदा करील, असे वचन दिले. जमाव पांगला, पण गांधी थोड्या वेळाने उतरले तेव्हा काही लोकांनी त्यांना गाठले. दगड, अंडी, लाथाबुक्क्या. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर ह्यांची पत्नी वाटेने येत होती; ती छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून ते वाचले. हा प्रसंग आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. एस्कंबने धक्क्यावर दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले, हे फार थोडे सांगितले जाते. मला ते अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याचे परिणाम साठ वर्षांहून अधिक काळ आणि दुसऱ्या एका खंडावर भोगले गेले.

एस्कंब फेब्रुवारीत वसाहतीचा पंतप्रधान झाला आणि मे महिन्यापर्यंत कायदा होऊन गेला. त्यात हिंदी, आशियाई किंवा काळा असा एकही शब्द नव्हता. वसाहतीत येऊ पाहणाऱ्या माणसाने एक ठरावीक अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःच्या हाताने लिहून सही करायची, असे कलम होते. अर्जात पूर्ण नाव, गेल्या बारा महिन्यांतले राहण्याचे ठिकाण, धंदा, जन्मगाव आणि जन्मसाल. ज्याला हे जमणार नाही तो 'निषिद्ध'. मोडीत दफ्तर सांभाळणारा कुलकर्णी, देवनागरीत पोथ्यांची नक्कल करणारा शास्त्री, गुजरातीत लाखोंची वही लिहिणारा मांडवीचा व्यापारी, हे सगळे त्या कलमापुढे निरक्षर ठरत होते.

आणि त्याच वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून करारबद्ध हिंदी मजूर आणले जात होते. त्यांना ही परीक्षा नव्हती. मद्रास आणि कलकत्त्याहून त्यांच्या बोटी पुढेही येतच राहिल्या. ते थांबले १९११ साली, तेही हिंदुस्थान सरकारने बंदी घातल्यावर. अक्षरशत्रू माणूस नको होता, असे म्हणायला त्यामुळे जागाच उरत नाही. करारात बांधलेला, मळ्यावर राबणारा माणूस हवा होता; स्वतःच्या पैशाने येऊन दुकान थाटणारा आणि उद्या मतदानाचा हक्क मागणारा माणूस नको होता. परीक्षा त्या दुसऱ्यासाठी होती.

ही युक्ती नाताळची स्वतःची नव्हती. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने १८९० साली आपल्या घटनेत मतदारासाठी वाचनाची अट घातली होती: राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायचा किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. कोणाला कोणता उतारा द्यायचा आणि उत्तर बरोबर की चूक, हे अधिकारी ठरवणार. काळ्या मतदारांची नावे याद्यांतून नाहीशी करायला तेवढे पुरले.

लंडनमध्ये मात्र नाताळचा कायदा फार उपयोगी ठरला. १८९७चा जून म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. स्वायत्त वसाहतींचे पंतप्रधान त्या निमित्ताने लंडनला जमले होते, आणि वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन ह्यांनी त्यांची परिषद भरवली. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींना आशियाई लोकांवर उघड बंदी घालायची होती. चेंबरलेननी त्यांना समजावले की, गोऱ्यांच्या देशात इतर लोकांचा लोंढा नको, ही तुमची भावना मला पटते. पण राणीच्या साम्राज्यात कोट्यवधी हिंदी प्रजा आहे, त्यांना रंगावरून नाकारल्याचे कायद्यात लिहिले तर त्यांचा अपमान होईल आणि राणीला दुःख होईल. तेव्हा नाताळने शब्द कसे वापरले आहेत ते पाहा.

त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. एकीकडे प्लेगच्या नावाने पुण्यातल्या घरांत सोजिरांनी केलेली झडती, दुसरीकडे प्लेगच्याच नावाने दरबानबाहेर अडवलेल्या बोटी. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या, एकाच साम्राज्यातल्या. रँडवरची गोळी आपल्या इतिहासात ठळकपणे नोंदली गेली. लंडनच्या परिषदेत हिंदी माणसाच्या वाट्याला काय आले, ह्याची नोंदही तिच्या शेजारी असायला हवी, असे मला वाटते.

नाताळमध्ये हिंदी लोक अर्ज-विनंत्या करत राहिले. हिंदुस्थानातल्या प्रमुख भाषाही ह्या परीक्षेसाठी मानाव्यात, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. केप वसाहतीने १९०६ साली यिडिश भाषेला युरोपीय भाषा म्हणून मान्यता दिली; पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंसाठी ती सोय होती आणि ती योग्यच होती. यिडिश हिब्रू लिपीत लिहितात. म्हणजे लिपी परकी असल्याची अडचण सोडवायची म्हटली तर सुटत होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या लढ्यातली एक गोष्ट वाचताना मी दर वेळी थबकतो. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात गांधींनी सरकारपुढे ठेवलेली तडजोड अशी होती: कायद्यात वंशभेद नको, सर्वांना एकच शैक्षणिक कसोटी असू द्या, मग ती कसोटी हिंदी लोकांना इतकी कडक लावा की वर्षाला सहाच उच्चशिक्षित हिंदी आत येतील, आमची हरकत नाही. आज हे ऐकून दचकायला होते. कायद्याच्या शब्दांतला अपमान त्यांना व्यवहारातल्या बंदीपेक्षा अधिक झोंबत होता, आणि हाती ताकद किती आहे ह्याचा त्यांना पुरता अंदाज होता. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिथले मंत्री बोथा आणि स्मट्स ह्यांच्याशी बोलले तेव्हाही खुल्या प्रवेशाची मागणी नव्हतीच. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर आणि तिथे राहणाऱ्यांचे हक्क हेच मुख्य प्रश्न होते. दार बंद राहणार हे दोन्ही बाजूंनी मानलेले होते. तरीही परीक्षेच्या नावाखाली होणाऱ्या त्या नकाराला गांधींनीच संमती द्यावी, हे मला पटत नाही.

चेंबरलेनचा सल्ला सर्वांत मनापासून मानला तो ऑस्ट्रेलियाने. १ जानेवारी १९०१ला सहा वसाहतींचे एक राष्ट्र झाले, आणि त्या राष्ट्राच्या संसदेने पहिल्याच वर्षी जे मोठे कायदे केले त्यांत परदेशी लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा होता. मजूर पक्षाच्या ख्रिस वॉटसन ह्यांना आशिया-आफ्रिकेतल्या लोकांवर सरळ बंदी हवी होती. त्यांची दुरुस्ती थोड्या मतांनी पडली. परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची, ह्यावर वाद झाला. इंग्रजी म्हटले तर जर्मन आणि इटालियन गोरे अडकतील, आणि कलकत्ता-मद्रासचे पदवीधर सुटतील. म्हणून शेवटी कलम असे ठरले: अधिकाऱ्याने सांगितल्यावर, अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायचा आणि त्याच्यासमोर सही करायची. भाषा निवडण्याचा हक्क उमेदवाराकडून काढून अधिकाऱ्याकडे दिला, आणि नाताळच्या कायद्यात उरलेली फटही बुजली. नाताळमध्ये इंग्रजी शिकलेला हिंदी माणूस आत जाऊ शकत होता. इथे त्याने इंग्रजी सांगितली तर अधिकारी फ्रेंच काढणार, फ्रेंच येत असेल तर स्वीडिश.

तसे आदेशच होते. परराष्ट्र खात्याचे सचिव ॲटली हंट ह्यांनी बंदरांवरच्या कस्टम अधिकाऱ्यांना कळवून ठेवले होते की ज्याला येऊ द्यायचे नाही त्याला येत नसलेल्या भाषेत उतारा द्यावा. लोकांनी पाठ करू नयेत म्हणून उतारे बदलत ठेवले जात. ज्यांना येऊ द्यायचे होते त्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकांपुढे कागद ठेवलाच जात नसे. १९०९ सालापर्यंत १,३५९ वेळा ही परीक्षा घेतली गेली आणि ५२ जण उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकही नाही. सुरुवातीला येऊन एक वर्ष होईपर्यंतच ही परीक्षा घेता येत असे. १९३२ पर्यंत ती मुदत पाच वर्षांवर गेली होती, म्हणजे घर केलेल्या, कामाला लागलेल्या माणसालाही बोलावून श्रुतलेखनाला बसवता येई.

जपानने ह्याविरुद्ध निषेध नोंदवला. सिडनीतले जपानी वाणिज्यदूत एइताकी ह्यांचे म्हणणे, जपानी लोकांना इतर आशियाई आणि बेटांवरच्या लोकांच्या पंक्तीला बसवू नका. १९०५ साली कायदा बदलून 'युरोपीय भाषा'ऐवजी 'विहित केलेली भाषा' असा शब्दप्रयोग आला. युरोपबाहेरची एकही भाषा पुढे कधी विहित केली गेली नाही; युरोपीय भाषाच चालत राहिल्या.

ऑस्ट्रेलियात आधीपासून राहत असलेल्या हिंदी लोकांचे हाल वेगळेच होते. पंजाबातून गेलेले फेरीवाले घोडागाडीत कापडचोपड भरून आडगावच्या शेतकऱ्यांना विकत. सिंध-बलुचिस्तान-पेशावरकडचे उंटवाले, ज्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत, त्यांच्या उंटांच्या तांड्यांवर त्या खंडाच्या कोरड्या पोटातली खाणींची गावे जगली. ह्यांपैकी कोणाला आईबापांना भेटायला मायदेशी जायचे असेल तर आधी परीक्षेतून सूट मिळाल्याचे प्रमाणपत्र काढावे लागे. समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे, मागे काळ्या शाईत उमटवलेला पंजा, ठरावीक मुदत. मुदत चुकली तर वीस वर्षे तिथे घाम गाळलेल्या माणसालाही नव्या उपऱ्यासारखे बंदरावर उभे करता येई. ही प्रमाणपत्रे हजारोंनी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. गुन्हेगाराच्या नोंदीसारखी ती दिसतात. त्यांतली माणसे मात्र फेटे नीट बांधून, कोट घालून छायाचित्राला बसली आहेत.

नागरिक होण्याचा प्रश्न तर त्यांच्यासाठी बंदच होता. १९०३च्या कायद्याने आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवर जन्मलेल्यांना, न्यूझीलंड सोडून, नागरिकत्वाचा अर्जही करता येत नव्हता. मतदानाचा हक्क १९०२ मध्येच गेला होता. ह्याविरुद्ध बोलायला १९२२ साली पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात गेले. गोखल्यांची गादी चालवणारा हा माणूस इंग्रजीचा इतका मोठा वक्ता की गावोगावच्या सभागृहांत त्यांना ऐकायला गर्दी होई. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना मताचा हक्क मिळाला. प्रवेशाचे दार तसेच राहिले.

ह्या परीक्षेचे खरे रूप सगळ्या जगासमोर आणले ते एका गोऱ्या माणसाने. एगॉन एर्विन किश, प्रागचा, जन्म १८८५, जर्मनमध्ये लिहिणारा ज्यू पत्रकार, कम्युनिस्ट, हिटलरच्या तुरुंगात राहून आलेला. नोव्हेंबर १९३४ मध्ये युद्ध आणि फॅसिझमविरोधी परिषदेत बोलण्यासाठी तो 'स्ट्रेथेअर्ड' बोटीने ऑस्ट्रेलियाला पोचला. सरकारने त्याला उतरू दिले नाही. मेलबर्नच्या स्टेशन पिअरवर बोट लागली असताना त्याने कठड्यावरून सरळ धक्क्यावर उडी मारली. उंची सुमारे साडेपाच मीटर. पाय मोडला. पोलिसांनी त्याला उचलून पुन्हा बोटीवर नेऊन टाकले आणि बोट सिडनीला निघाली.

सिडनीत न्यायमूर्ती इव्हॅट ह्यांनी त्याला बोटीवर कोंडून ठेवणे बेकायदा ठरवले. तो लंगडत उतरला तसे पोलिसांनी पकडून त्याला परीक्षेला बसवले. किशला युरोपातल्या अनेक भाषा येत. फ्रेंच किंवा जर्मन काढून उपयोग नव्हता. म्हणून उतारा निवडला स्कॉटिश गेलिकमधला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर थोडे लोक बोलतात ती भाषा. तो मजकूर सांगणारा पोलीस शिपाई स्कॉटलंडचा होता, पण न्यायालयात त्याला त्याच ओळींचा धड अर्थ सांगता आला नाही. किशने लिहायला नकार दिला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

१९ डिसेंबर १९३४ला उच्च न्यायालयाने निकाल दिला: कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही 'युरोपीय भाषा' नव्हे. चार न्यायमूर्ती एका बाजूला, स्टार्क विरुद्ध. ऑस्ट्रेलियातले स्कॉटिश लोक भडकले. आपल्या पूर्वजांच्या भाषेला न्यायालयाने खालचे ठरवले म्हणून वर्तमानपत्रांत संतप्त पत्रे आली. किश मोकळा झाला. सिडनीच्या डोमेन मैदानावर हजारो लोक त्याला ऐकायला आले. त्याच परिषदेसाठी न्यूझीलंडहून आलेले जेरल्ड ग्रिफिन ह्यांना डचमध्ये श्रुतलेखन दिले होते. ते नापास झाले होते, आणि त्यांची बातमी किशएवढी गाजली नाही. दोन वर्षांनी मेबेल फ्रीर ह्या ब्रिटिश बाईला इटालियनमध्ये बसवले गेले, कारण एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याशी तिचे संबंध जुळले होते. वर्तमानपत्रांनी तिची बाजू घेतली आणि १९३७ मध्ये तिला येऊ द्यावे लागले.

किश आणि फ्रीर ह्यांच्या प्रकरणांनी ऑस्ट्रेलियातल्या लोकांना लाज वाटली, हे खरे. ती वाटली गोऱ्या माणसांवर अन्याय झाला म्हणून. त्याआधीच्या तीस वर्षांत हजाराहून अधिक चिनी खलाशी, हिंदी फेरीवाले आणि इतर लोक ह्याच श्रुतलेखनात नापास होऊन परत गेले होते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाजूने न कोणी वकील उभा राहिला, न कोणाच्या भाषेचा मान दुखावला. किशच्या धाडसाबद्दल मला आदर आहे, पण हा इतिहास सांगताना त्याचेच नाव पुढे येते आणि बाकीच्यांचा केवळ आकडा उरतो, ह्याने मन खिन्न होते.

१९५८च्या नव्या स्थलांतर कायद्याने श्रुतलेखन रद्द केले. १ जून १९५९ पासून हा बदल अमलात आला. तेव्हाही गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे धोरण गेले नव्हते. आता मंत्र्याच्या अखत्यारीत सरळ परवाना नाकारता येत होता, परीक्षेच्या आडोशाची गरज उरली नव्हती. रंगाचा निकष उरलासुरलाही निघून गेला तो १९७३ मध्ये, व्हिटलम सरकारच्या काळात.

आज मेलबर्न, सिडनीच्या उपनगरांत मराठी मंडळांचे गणपती बसतात. तिथली मराठी माणसे नागरिक होण्यासाठी १ ऑक्टोबर २००७ला सुरू झालेली संगणकावरची परीक्षा देतात. इंग्रजीत वीस प्रश्न, पर्यायी उत्तरे, अभ्यासाची पुस्तिका सरकारच देते. सुरुवातीला डॉन ब्रॅडमनसुद्धा अभ्यासाला होता. त्यावर टीका झाली, रिचर्ड वुलकॉट ह्यांच्या समितीने पाहणी केली, आणि २००९ मध्ये खेळाडूंऐवजी हक्क-कर्तव्यांवर भर आला. उत्तीर्ण होण्यासाठी साठऐवजी पंचाहत्तर टक्के लागू लागले. २०२० पासून ऑस्ट्रेलियन मूल्यांवरचे पाच प्रश्न असतात आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. श्रुतलेखनाशी ह्याची बरोबरी मी करणार नाही. प्रश्न कोणत्या भाषेत येणार, काय वाचायचे, कितीला पास, हे इथे आधी सांगितलेले असते, आणि चेहरा पाहून कागद बदलत नाही. पण इंग्रजीची पातळी किती उंच ठेवायची, हा वाद तिथे संपलेला नाही. २०१७ साली सरकारने नागरिकत्वासाठी विद्यापीठ-प्रवेशाच्या तोडीचे इंग्रजी मागणारे विधेयक आणले. त्या पातळीची परीक्षा मूळचे इंग्रजी बोलणारेही कित्येक जण पास होणार नाहीत, अशी टीका झाली. सिनेटमध्ये त्याला पुरेशी मते जमली नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये ते कामकाजातून काढून टाकण्यात आले.